दोघांची खोली, सहांचे कुटुंब

सहलीत माणसे का भांडतात, या प्रश्नाचे चिंतन आजवर बहुतेक स्वभावाच्या अंगाने झाले आहे. काका तापट, आत्या हट्टी, मुले लाडावलेली, जावई अलिप्त, असे निष्कर्ष काढत मंडळी घरी परततात आणि पुढच्या मे महिन्यात त्याच मंडळींना घेऊन पुन्हा निघतात. प्रस्तुत विवेचनाचा पक्ष वेगळा आहे. माणसांत दोष नाही, दोष भागाकारात आहे. हॉटेल नावाची संस्था दोन या संख्येवर उभी आहे. सहा या संख्येला दोनाने भाग जातो, सहा जणांच्या कुटुंबाला जात नाही.

मूळ एकक

हॉटेलच्या दरपत्रकावरचा आकडा ‘डबल ऑक्युपन्सी’चा असतो, म्हणजे खोलीत दोन प्रौढ राहतील असे धरून काढलेला. माणूस एकटाच आला तर भाडे फारसे उतरत नाही, तिसरा आला की मात्र लगेच चढते. ही धारणा खोलीत पाऊल टाकताच दिसू लागते. टॉवेल दोन, पेले दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, चहाच्या पुड्या दोन. काही ठिकाणी पलंगावर टॉवेलांचेच दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले असतात. कुटुंबवत्सल माणूस आधी ते हंस उलगडतो, कारण त्याशिवाय टॉवेलांची मोजदाद होत नाही.

याउलट सरकारची कुटुंबाची कल्पना ऐसपैस आहे. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम १०(५)ने प्रवास-सवलतीसाठी नोकरदाराच्या कुटुंबात जोडीदार आणि मुले तर धरलीच, शिवाय अवलंबून असलेले आईवडील आणि भावंडेही धरली. चार वर्षांच्या गटात दोन प्रवास. मात्र ही सवलत फक्त प्रवासभाड्याची. राहण्याजेवणाचा खर्च तीत येत नाही. म्हणजे अख्ख्या कुटुंबाला मुक्कामाच्या गावापर्यंत पोचवायचे आणि स्टेशनाबाहेर पडल्यावर दोघांच्या मापाच्या खोलीच्या स्वाधीन करायचे, अशी ही व्यवस्था आहे. पुढची सगळी प्रकरणे या फटीतून जन्म घेतात.

खोलीतल्या विजेचेच पाहा. दाराशेजारच्या खाचेत कार्ड घातले की दिवे लागतात, काढले की काही सेकंदांत बंद होतात. खोलीतली माणसे बाहेर पडतील ती एकदमच पडतील, असे गृहीत धरून ही युक्ती केलेली आहे. नवविवाहितांच्या बाबतीत ते खरेही असेल. सहा जणांच्या कुटुंबात कुणीही कधीही एकदम बाहेर पडत नाही. बाबा बागेत फेरी मारायला म्हणून कार्ड खिशात टाकून निघतात आणि आजी न्हाणीघरात अंधारात सापडतात. त्यांचा आवाज बागेपर्यंत पोचतो. जुन्या पद्धतीच्या खाचेत कुठलेही जाड कार्ड चालते, हा शोध बहुधा अशाच एखाद्या कुटुंबात लागला असावा. वाचनालयाचे मुदत संपलेले कार्ड सहलीला बरोबर नेणारे गृहस्थ आहेत.

बिछाना-प्रकरण

आजी, आजोबा, आई, बाबा आणि दोन मुले असा नमुना घेऊ. शुद्ध हिशेबाने तीन खोल्या लागतात, पण तीन खोल्या कुणीच घेत नाही. मुलांना वेगळे झोपवता येत नाही हे कारण दिले जाते. पैशाचे कारण कुणी बोलून दाखवत नाही. आणि खरे कारण असे की तिसऱ्या खोलीत जो जाईल त्याच्या पाठीमागे इथे काय बोलणे झाले हे त्याला कळणार नाही. म्हणून दोन खोल्या घेतात आणि प्रत्येकीत एक जादा गादी.

सहा माणसे तीन-तीनच्या दोन गटांत दहा प्रकारे विभागता येतात. त्यांतले बहुतेक पहिल्या पाच मिनिटांतच बाद होतात. आजोबा घोरतात. आजींना एसी सोसत नाही, बाबांना एसीशिवाय झोप येत नाही आणि भाडे एसीचे भरलेले आहे. धाकटीला आईच हवी. थोरल्याला ज्या खोलीतला टीव्ही मोठा ती हवी. या सर्व अटींतून जे एकमेव उत्तर तगते ते असे: एका खोलीत आजी, आई आणि धाकटी, दुसरीत आजोबा, बाबा आणि थोरला. त्यामुळे हंसांच्या पलंगावर, गुलाबाच्या पाकळ्या झटकून, सासरे-जावई किंवा बाप-लेक पाठीला पाठ लावून झोपलेले आढळतात. दरपत्रक छापणाऱ्याच्या मनात दोघांचे जे चित्र होते त्यात ही जोडी नव्हती.

दोन्ही खोल्या शेजारी-शेजारी हव्यात, ही मागणी प्रत्येक कुटुंब करते आणि बहुतेकांच्या पदरी दुसऱ्या मजल्यावरची एक आणि तिसऱ्यावरची एक पडते. यात काउंटरवरच्या मुलाचा खवचटपणा नसतो. खोल्या रिकाम्या होतात त्या आदल्या पाहुण्यांच्या लहरीने, आणि साफ होतात त्या रिकाम्या होण्याच्या क्रमाने. शेजारच्या दोन खोल्या एकाच वेळी तयार असणे हा योग आहे.

याच प्रकरणात मुलांच्या वयाचा प्रश्न येतो. साधारण रिवाज असा की पाचाखालचे मूल फुकट, पाच ते बाराचे जादा गादीशिवाय असेल तर थोडे पैसे, बारावरचे प्रौढ. रेल्वेतही पूर्वी पाच ते बाराच्या मुलाला अर्ध्या तिकिटात पूर्ण बर्थ मिळायचा. एप्रिल २०१६पासून बर्थ हवा तर पूर्ण भाडे पडते. अर्ध्या तिकिटातला बर्थ गेला, तशी वय चोरण्याची सगळी जबाबदारी हॉटेलच्या काउंटरवर येऊन पडली. तिथे थोरला ‘अकरा पूर्ण’ असतो. तो स्वतः मात्र मध्येच तोंड घालून सातवीत असल्याचे सांगतो. वॉटर पार्कमध्ये वयाऐवजी उंची मोजतात म्हणून पालकांना हायसे वाटते, पण ते क्षणभरच. तिकीट खिडकीपाशी जे पोर गुडघ्यात वाकून उभे राहते तेच मोठ्या घसरगुंडीच्या पट्टीपाशी टाचा उंचावते, आणि दोन्ही ठिकाणचा माणूस दिवसभर हेच पाहत आलेला असतो.

काल-प्रकरण

प्रवेश दुपारी दोनला, निर्गमन सकाळी अकराला. भाडे दिवसाचे आणि खोली एकवीस तासांची, अशी तक्रार आजोबा प्रत्येक सहलीत नव्याने मांडतात. मधले तीन तास हॉटेलवाला खात नाही. ते साफसफाईला लागतात. एका खोलीला अर्धा तास धरला तर एक कर्मचारी पाळीभरात चौदा-पंधरा खोल्यांपलीकडे जात नाही, आणि सगळ्या चादरी एकाच वेळी उतरतात. हे पटण्यासारखे आहे, पण पहाटेच्या गाडीने उतरलेल्या सहा जणांना सकाळी साडेसातला लॉबीतल्या सोफ्यावर ते पटत नाही. लॉबीतले सोफेही, लक्षात घ्यावे, दोघांचेच असतात. तिथे डबा उघडला जातो. दशम्या आणि कोरडी चटणी यांचा वास काउंटरपर्यंत गेला की खोली बाराच्या सुमारास तयार होते, असे निरीक्षण आहे. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही.

उष्णोदक-प्रकरण

या शास्त्रातले सर्वांत उपेक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे प्रकरण हेच. मोठ्या हॉटेलांत गरम पाणी एका जागी तापवून नळांतून फिरवतात, तिथे हा प्रश्न येत नाही. मध्यम हॉटेलात न्हाणीघरात पंधरा लिटरचा गीझर असतो. पाणी ६० अंशांना तापले, नळाचे गार पाणी २५ अंशांचे आणि अंगावर घ्यायचे ४० अंशांचे असे धरले, तर पंधरा लिटर कढत पाण्यातून अंघोळीचे सुमारे पस्तीस लिटर होते. वीस लिटरची बादली धरली तर पावणेदोन बादल्या. म्हणजे पहिल्याची अंघोळ उत्तम, दुसऱ्याची बेताची. दोघांच्या पलीकडे कुणाचा विचार झालेला नाही हे इथेही स्पष्ट होते.

आता सहा जणांना एकेक बादली म्हणजे साडेतीन टाक्या लागतात. दोन किलोवॉटचा गीझर एक टाकी तापवायला सुमारे अठरा मिनिटे घेतो. पहिली टाकी आधीच तापलेली असली तरी उरलेल्या अडीच टाक्या तापण्यातच पाऊण तास जातो. दोन खोल्या असल्याने हा वेळ निम्म्यावर यावा, पण येत नाही, कारण एका गीझरचे पाणी ‘जरा कोमट’ ठरते आणि सगळे दुसऱ्या दारापाशी रांग लावतात. महाबळेश्वरला हिवाळ्यात नळाचे पाणी १५ अंशांवर आले तर त्याच टाकीतून सत्तावीस लिटरच निघतात. तिथे दुसऱ्याचेही अवघड होते. नंबर मात्र ठरलेला असतो. आजोबा पहाटे पाचला, नंतर आजी, नंतर बाबा (‘मी दोन मिनिटांत आलो’ असे म्हणून वीस मिनिटे), मग मुले, आणि गार पाण्याशी जमवून घेणारी शेवटची व्यक्ती आई. शॉवरमुळे हा हिशेब बिघडतो, कारण शॉवरखाली किती पाणी गेले हे कुणाला दाखवता येत नाही. चांगल्या चांगल्या हॉटेलांत फोन करून बादली आणि मग मागवण्यामागे जुनी सवय असेल, पण सहा जणांत पाणी मापून वाटण्याचे दुसरे साधन तरी कोणते आहे?

न्याहारी-प्रकरण

हॉटेलच्या भाषेत चार योजना आहेत. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि न्याहारी, एमएपीमध्ये आणखी एक जेवण, एपीमध्ये सगळी जेवणे. त्यांत ईपीतले ‘युरोपियन’ आणि एपीतले ‘अमेरिकन’ ही नावे एकोणिसाव्या शतकातल्या रीतीवरून आली, कारण अमेरिकेतली हॉटेले तेव्हा भाड्यातच जेवण धरत आणि युरोपात ते वेगळे मोजत. मराठी कुटुंब या चारांतून सीपी निवडते आणि तिचे रूपांतर एपीत करते.

ते असे. न्याहारी साडेसात ते दहा. मंडळी सव्वानऊला पोचतात. लवकर गेले तर दुपारी भूक लागेल हा विचार त्यामागे असतो. पहिल्या फेरीत इडली, पोहे, उपमा. हे सगळे घरी मिळते, म्हणून आई नाक मुरडून घेते, पण घेते. बुफेच्या मांडणीत स्वस्त आणि पोट भरणारे पदार्थ बहुधा सुरुवातीला असतात. ऑम्लेटवाला सर्वांत टोकाला असतो आणि एका वेळी एक-दोघांचेच करतो. त्याच्यापाशी बाबा उभे राहतात आणि मुलांच्या वाटणीचीही ताटली हातात धरतात. आजी उपासाच्या दिवशी येतात आणि हॉटेलवाल्याला साबुदाण्याची खिचडी करायला लावतात. ती उत्तम होते, यावर दिवसभर आश्चर्य व्यक्त होते. शेवटी केळी. एक खायचे आणि एक, कागदी रुमालात, पर्समध्ये. ही चोरी आहे काय, यावर माझे मत नाही असे आहे. टेबलावर मांडलेल्या केळ्याला वेळेची अट आहे, जागेची आहे असे कुठेही लिहिलेले नसते.

खोलीतला चहा हे वेगळेच दुखणे आहे. दोन पुड्या, दुधाच्या भुकटीच्या दोन, आणि अर्ध्या-पाऊण लिटरची किटली. किटलीत दूध उकळू नये हे प्रत्येक कुटुंब एकदा शिकते.

पूर्वपक्ष

इथे कुणी म्हणेल की हे सगळे हॉटेलांचे झाले. राहण्याच्या जागा काही एकाच प्रकारच्या नसतात. आक्षेप रास्त आहे आणि सिद्धान्ताला उलट बळकटीच देतो. शेगावसारख्या ठिकाणच्या भक्तनिवासात मोजणी पलंगांची आणि गाद्यांची असते. माणसे जास्त असली तर गाद्या वाढतात, बाकी कुणी काही विचारत नाही. कोकणात दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे या पट्ट्यात ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या दिसतात. तिथे मोजणी पानांची असते: सकाळी अकराच्या आत सांगायचे, किती शाकाहारी, किती मासे, मोदक हवेत का. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तिथला हमाल नग मोजतो, आणि चिवड्याची पिशवी वेगळा नग की मोठ्या बॅगेचाच भाग यावर घासाघीस होते. जिथे जिथे मोजण्याचे माप दोन नाही तिथे तिथे कुटुंब गोडीत राहते. न्हाणीघर अंगणापलीकडे असले, डास असले, तरी चालते.

हॉटेलांनाही हे कळले नाही असे नाही. ‘फॅमिली रूम’, मधल्या दाराने जोडलेल्या खोल्या, १९८०च्या दशकापासून आपल्याकडे आलेला टाइमशेअर आणि त्यातली छोट्या ओट्यासह स्वयंपाकाची सोय, हे सगळे त्याच दिशेचे प्रयत्न. रिसॉर्टने आणखी एक वाट काढली. कुटुंबाला खोलीत राहूच द्यायचे नाही, दिवसभर पोहण्याच्या तलावावर ठेवायचे. तिथे नायलॉनचा पोशाख सक्तीचा असतो; सुती कपड्यांचे धागे गाळणीत अडकतात, हे कारण खरे आहे. त्यामुळे बाबा काउंटरवर महागातली निळी चड्डी विकत घेतात आणि आजी साडी घोट्यांपर्यंत धरून काठावर बसून राहतात.

गेल्या काही वर्षांत लोणावळा, कर्जत, अलिबाग या भागांत चार-पाच खोल्यांचे अख्खे बंगले भाड्याने मिळू लागले. सिद्धान्तानुसार इथे प्रश्न सुटायला हवा होता. प्रत्यक्षात बंगला ठरला की बाबा भावाला फोन करतात, आई बहिणीला, आणि आजी ‘ती एकटीच असते बिचारी’ म्हणून वन्संना बोलावतात. सहांचे चौदा होतात. दोन गीझर, चौदा माणसे. खोल्यांची वाटणी आता कागदावर करावी लागते आणि हॉलमध्ये गाद्या पडतात. तरी इथे भांडणे कमी होतात असा माझा अनुभव आहे, आणि त्याचे कारण केअरटेकरच्या पहिल्याच प्रश्नात आहे. तो फोनवर झोपायला किती जण हे विचारत नाही. तो विचारतो, ‘जेवायला किती? चिकन किती किलो आणू?’