सूर्य, विजयदुर्ग आणि वीतभर अंतरावरचा चंद्र



चांद्रयान-३ म्हटलं की सगळ्यांना २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवते. पाच दिवसांनी, २८ ऑगस्टला आलेली बातमी मात्र फार थोड्यांच्या लक्षात असेल. प्रज्ञान रोव्हरला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक सापडलं. माती उचलली नाही, परीक्षानळीत घातली नाही. वीतभर उंचीवरून लेझरचा झोत सोडला, ठिणगी उडाली आणि त्या ठिणगीच्या उजेडातून गंधक ओळखलं!

हात न लावता पदार्थ ओळखण्याच्या या विद्येचा इतिहास मोठा गमतीदार आहे. त्यात आपलं कोकणही येतं, म्हणून आज हा लेखनप्रपंच.

१८३५ मध्ये ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं होतं की, ताऱ्यांची अंतरं आणि गती माणूस मोजेल, पण ते कशाचे बनलेत हे त्याला कधीच कळणार नाही. काँत १८५७ मध्ये वारला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच जर्मनीतल्या हायडेलबर्गला बुन्सेन आणि किरखॉफ यांनी त्याचं म्हणणं खोटं ठरवलं. तापलेल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या वाफेतून ठरावीक रंगांच्याच रेषा निघतात, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे जणू बोटांचे ठसेच. स्वयंपाकघरात चिमूटभर मीठ गॅसवर सांडलं की ज्योत पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. दिवाळीतला हिरवा उजेड बेरियमचा आणि लाल स्ट्रॉन्शियमचा. एकदा लांबच्या मॅनहाइम शहरात आग लागली असताना या दोघांनी आपल्या खिडकीतूनच त्या ज्वाळांमध्ये बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ओळखलं, असं सांगतात. आग लांबून ओळखता येते, तर सूर्य का नाही?

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याची सावली आपल्या किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर अशी गेली. फ्रान्सचे जान्सन गुंटूरला मुक्काम ठोकून होते. ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या ज्वाळांच्या रेषा इतक्या ठळक होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसतील हे त्यांनी ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिल्याही. तिकडे इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला ग्रहणाशिवायच तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. भांडण झालं नाही. उलट फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. त्या ज्वाळांमधली एक पिवळी रेषा सोडियमची नव्हती. ती नव्या मूलद्रव्याची आहे असं लॉकियर यांचं मत बनलं, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव आलं. पृथ्वीवर मात्र ते १८९५ मध्ये रॅमसे यांना एका खनिजात सापडलं.

आता कोकणाकडे वळू. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. लॉकियर यांनी १८६८ मध्ये तिथूनच हेलियम शोधला, असं आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. मंडळी, त्या वर्षी लॉकियर हिंदुस्थानात आलेच नव्हते. ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, दुर्बिणी घेऊन आणि मदतीला आरमाराची माणसं घेऊन. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला जेऊरला निरीक्षणं घेत होते. हा खरा इतिहास काय कमी अभिमानाचा आहे? मग उगाच तीस वर्षं मागे कशाला न्यायचा?

पुढची कथा वेगाने सांगतो. सूर्य आपणहून पेटलेला आहे, दगड थंड असतो. त्याला बोलतं करायचं तर आधी पेटवायला हवं. १९६० मध्ये लेझर आला आणि ती सोय झाली. सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता झोत टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर एकवटला की, तिथल्या कणभर दगडाची वाफ होते, अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा तयार होतो. तो निवताना जो उजेड पडतो त्यात त्या ओळखीच्या रेषा असतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामोसला ही पद्धत चांगली घडवली गेली. तिचं छोटं नाव ‘लिब्स’. १९ ऑगस्ट २०१२ ला मंगळावर क्युरिऑसिटीने ‘कॉरोनेशन’ नावाच्या दगडावर दहा सेकंदांत तीस झोत मारले. सात मीटरवरचा दगडही ती असा तपासू शकते. प्रज्ञानवरचं यंत्र बंगळुरूला इस्रोच्या प्रयोगशाळेत बनलेलं आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. लिब्सने गंधक सांगितल्यावर इस्रो तेवढ्यावर थांबली नाही. रोव्हरवरच्या दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रानेही गंधक दाखवलं, तेव्हा शास्त्रज्ञांचं समाधान झालं. जान्सन आणि लॉकियर हेही तसे दोन वेगळे साक्षीदारच होते. अडीच लाख मैलांवरच्या मातीबद्दल बोलताना आपण दुसरा साक्षीदार मागतो. मग घरच्या किल्ल्याबद्दल बोलताना एकाही साक्षीदाराशिवाय का बोलावं?

विजयदुर्गला गेलात तर त्या कट्ट्यांवर नक्की उभे राहा. आणि सोबत नातवंडं असतील तर त्यांना १८९८ हे साल सांगा.

असो. आज इतकंच.