बटाटा : कुंडीतील व पोत्यातील लागवड

घराची गच्ची, सज्जा, परसातील फरसबंदी अशा, मोकळी जमीन नसलेल्या ठिकाणी कुंडी, गोणपाटाचे पोते, प्लास्टिकचे पिंप, तेलाचा रिकामा डबा वा तत्सम खोल पात्रात माती भरून घरगुती उपयोगापुरते बटाट्याचे पीक घेण्याची पद्धती. थोड्या जागेत विपुल उत्पन्न देणारी युक्ती म्हणून तिची ख्याती झाली असली, तरी ती ख्याती बरीचशी अतिरंजित आहे. तिचे खरे मोल बाजारात सहसा न मिळणाऱ्या ताज्या, पातळ सालीच्या कोवळ्या बटाट्यात आणि बेण्यापासून काढणीपर्यंतचा पिकाचा सारा जीवनक्रम घरच्या मुलाबाळांच्या दृष्टीसमोर घडण्यात आहे, आणि त्या दृष्टीने ती खचित अंगीकारण्यासारखी आहे.

बटाटा (सोलॅनम ट्युबरोसम) हा सोलॅनेसी कुलातील, म्हणजे वांगी, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू यांचा सगोत्र होय. त्याचा खाद्य भाग मूळ नसून जमिनीखाली पिष्टमय पदार्थांच्या संचयाने फुगलेले खोड, म्हणजे ग्रंथिक्षोड, असतो. त्यावरील ‘डोळे’ म्हणजे त्या खोडावरील कळ्या. लागवडीची सारी रीत या एका वस्तुस्थितीतून निघते. बटाटा खोड आहे म्हणून त्याचा डोळा असलेला तुकडा लावला की नवे झाड उगवते. खोड आहे म्हणून उजेड लागताच तो हिरवा पडतो. आणि झाडाच्या जमिनीखालील आडव्या शाखांची टोके अंधारात, ओलाव्यात आणि थंडाव्यात असली तरच फुगून बटाटे होतात, म्हणून हा अंधार, ओलावा आणि थंडावा पीक निघेपर्यंत अबाधित राखणे हेच पात्रात बटाटा लावणाऱ्याचे मुख्य कर्तव्य ठरते.

यांपैकी थंडावा राखणे महाराष्ट्रात सर्वांत कठीण. समुद्रसपाटीपासून सुमारे 3,800 मी. उंचीवरील टिटिकाका सरोवराच्या परिसरात, पेरू व बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतप्रदेशात, हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेले हे पीक युरोपीय दर्यावर्दी व व्यापाऱ्यांच्या मार्फत जगभर पसरले आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या अमदानीत रुजले, तरी आपल्या जन्मभूमीतील थंड रात्रींची गरज त्याने सोडली नाही. रात्रीचे तपमान 15° ते 20° से. असताना बटाटे उत्तम धरतात. ते जसजसे 20° से.च्या वर जाते तसतसे झाड पाल्याने माजते पण बटाटे कमी धरते, आणि मातीच 30° से.च्या आसपास तापली तर बटाटे धरणे जवळजवळ थांबते. म्हणून पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा ठिकाणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड करावी. मुंबई, कोकण व गोवा येथे रात्री उशिरा थंडावतात, तेव्हा नोव्हेंबरचा उत्तरार्ध साधावा आणि उत्पन्नाची अपेक्षाही बेताचीच ठेवावी. पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव तालुक्यांत, विशेषतः सातगाव पठारावर, शेतकरी पावसाळ्यातही बटाटा घेतात हे खरे. परंतु तेथील उंची व हवा शहरातील गच्चीस लाभत नाही.

पात्राची निवड करताना आकारापेक्षा खोली आणि निचरा यांचा विचार आधी करावा. खोली किमान 30 सेंमी. आणि शक्यतो 40 ते 45 सेंमी. असावी, बेण्याच्या प्रत्येक फोडीमागे 10 ते 15 लि. माती मिळावी, म्हणजे 40 लि.च्या पिंपात तीन फोडी पुरे. लोभाने पाच-सहा लावल्या तर सुपारीएवढे बटाटे हाती येतात. तळाशी बोटभर रुंदीची पाच-सात छिद्रे पाडावीत व पात्र विटांवर ठेवावे, म्हणजे पाणी साचत नाही आणि गच्चीच्या गिलाव्यासही ओल धरत नाही. ओल्या मातीने भरलेले असे पिंप 40 ते 50 किग्रॅ. भरते, तेव्हा अशी अनेक पात्रे मांडायची असतील तर ती तुळया व भिंती यांच्या लगत ठेवून भाराचा बंदोबस्त आधी करणे शहाणपणाचे. पत्र्याचा डबा आणि काळे प्लास्टिक दुपारच्या उन्हात कडेने तापतात आणि त्या तापाने कडेचे बटाटे मार खातात, म्हणून बाहेरून चुन्याची सफेदी द्यावी अथवा ओले गोणपाट गुंडाळावे. या सर्वांत गोणपाटाचे पोते सरस आहे, कारण त्याच्या विणीतून हवा खेळते व ओलाव्याच्या बाष्पीभवनाने माती थंड राहते. ते एका हंगामात कुजून जाते, परंतु तेवढी मुदत पिकास पुरेशी असते. दिवसाकाठी किमान सहा तास ऊन मिळेल अशीच जागा निवडावी.

माती भुसभुशीत हवी. चिकण काळी माती एकटी भरल्यास ती आवळून बसते आणि बटाटे वेडेवाकडे होतात. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत वा कंपोस्ट आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण करून त्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी. नागरी वस्तीत घरचा ओला कचरा व पालापाचोळा कुजवून त्यावर भाजीपाला पिकविण्याचा जो पुरस्कार श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने महाराष्ट्रात केला, तो या पिकासही उपकारक आहे, मात्र कचरा पुरता कुजलेला असावा, ही अट कसोशीने पाळावी, कारण कच्चे शेणखत, तसेच चुना किंवा चुलीतील राख यांचा अतिरेक झाल्यास सालीवर खपल्या धरणारा रोग बळावतो. बटाट्यास किंचित आम्ल माती मानवते.

बेण्याची बाब अधिक विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण बहुतेक घरगुती लागवडी येथेच फसतात. काढणीनंतर बटाटा साधारणतः सहा ते दहा आठवडे सुप्तावस्थेत असतो. या मुदतीत तो कितीही निगुतीने लावला तरी उगवत नाही. भाजीवाल्याकडील बटाटा बहुधा शीतगृहातून आलेला असतो आणि काही वेळा त्यावर मोड रोखणाऱ्या औषधाची प्रक्रियाही झालेली असते. शिवाय माव्याने पसरविलेले विषाणू त्यात दडलेले असू शकतात, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या बेण्यातून उतरत उत्पन्न घटवितात. याच कारणास्तव मंचरच्या बाजारपेठेत शेतकऱ्यांसाठी पंजाबातून बेणे येते, आणि गच्चीवर लावणाऱ्यानेही शक्य तर खात्रीचे बेणेच आणावे. भारतातील सुधारित वाणांचे श्रेय प्रामुख्याने मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्थेस आहे. ती 1949 मध्ये पाटण्यास स्थापन झाली व 1956 मध्ये सिमल्यास हलविण्यात आली. मैदानी प्रदेशातील हिवाळ्याच्या लहान दिवसांत बटाट्याच्या बहुतेक वाणांना फूल येत नाही, उलट सिमल्यानजीक कुफरी येथील उंचावरील उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत ते भरपूर येते, म्हणून संकराचे काम तेथे चाले. वाणांच्या नावांमागे कुफरीचे नाव लागले ते यामुळे. कुफरी चंद्रमुखी व कुफरी ज्योती (दोन्ही 1968), पठारी प्रदेशास मानवणारी व लवकर तयार होणारी कुफरी लवकर (1972), कुफरी पुखराज (1998) आणि उष्णता सहन करणारी कुफरी सूर्या (2006) हे वाण पात्रातील लागवडीस विचारात घेण्यासारखे आहेत. त्यांतही अल्प मुदतीचा वाण अधिक बरा, कारण आपली थंडी अल्प मुदतीची आहे.

लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे बेणे थेट ऊन न लागणाऱ्या पण उजेडाच्या जागी एका थरात पसरावे. अंधारातील मोड पांढरे, लांब व लुसलुशीत होऊन हाताळताना मोडतात. उजेडातील मोड आखूड, जाड व जांभळट निघतात आणि तेच हवेत. अंड्याएवढे बटाटे अखंड लावावेत. मोठ्यांच्या 30 ते 50 ग्रॅ. वजनाच्या, दोन-तीन डोळे असलेल्या फोडी कराव्यात आणि कापलेली बाजू सुकून तिजवर पापुद्रा धरेपर्यंत त्या दोन दिवस सावलीत ठेवाव्यात. ओल्या फोडी लावल्यास त्या मातीत कुजतात. पात्रात 15 ते 20 सेंमी. माती भरून फोडी डोळे वर करून मांडाव्यात व वर 8 ते 10 सेंमी. मातीचा थर द्यावा. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. ते वीतभर उंच झाले की शेंड्याची पाने उघडी ठेवून भोवती माती चढवावी, आणि पात्र भरेपर्यंत हा क्रम दोन-तीन वेळा करावा. यास भर लावणे म्हणतात.

भर लावण्याविषयी एक भ्रम सर्वत्र पसरलेला आहे, त्याचा खुलासा करणे आवश्यक आहे. पात्र जितके उंच करावे व माती जितकी चढवीत न्यावी तितके थरावर थर बटाटे धरतात, आणि अशा रीतीने एका पिंपातून मणभर माल निघतो, असे सांगितले जाते. वस्तुतः ज्यांच्या टोकांना बटाटे धरतात त्या आडव्या शाखा मुख्यतः बेण्याच्या लगतच्या, कोवळेपणीच मातीत राहिलेल्या पेरांतून फुटतात. उजेडात वाढून जून झालेल्या खोडावर मागाहून कितीही माती टाकली तरी तेथून त्या क्वचितच निघतात. शिवाय बटाट्यातील पिष्ट हिरव्या पानांनी उन्हात तयार केलेले असते, आणि पाने वारंवार मातीत गाडणे म्हणजे ते तयार करणारी यंत्रणाच कमी करणे होय. भर लावण्याचे प्रयोजन बटाटे उजेडापासून झाकणे, माती थंड ठेवणे व झाडास आधार देणे एवढेच आहे, आणि तेवढ्यापुरती ती अवश्य लावावी. शेतातील चांगल्या पिकातही एका झाडास पाव ते अर्धा किग्रॅ. बटाटे निघतात, तेव्हा तीन फोडींच्या पिंपातून सुमारे एक किग्रॅ. बटाटे मिळाले तर लागवड यशस्वी झाली असे निःशंक समजावे.

पाणी नेमस्त पण नियमित द्यावे. कधी कोरडे तर कधी तुडुंब अशा हेळसांडीने बटाट्यांना गाठी येतात, ते तडकतात अथवा आतून पोकळ होतात. युरियासारखे नत्रखत सढळ हाताने घातल्यास पालाच माजतो.

रोगांपैकी करपा सर्वांत घातक. फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स या रोगजंतूमुळे येणाऱ्या उशिराच्या करप्याने 1845 पासून आयर्लंडमधील पीक वर्षानुवर्षे नष्ट होऊन तेथे भीषण दुष्काळ पडला, एवढा त्याचा प्रताप. थंड, दमट, ढगाळ हवेत पानांवर पाणथळ काळपट डाग पडून तो झपाट्याने पसरतो. पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी घालणे, आणि हवा ढगाळ दिसताच 10 ग्रॅ. मोरचूद व 10 ग्रॅ. चुना वेगवेगळे भिजवून एक लि. पाण्यात केलेले बोर्डो मिश्रण मातीच्या वा प्लास्टिकच्या भांड्यात तयार करून फवारणे, हे उपाय घरगुती लागवडीस पुरतात. बटाटा पोखरणारी अळी उघड्या पडलेल्या बटाट्यात शिरते. मातीची भर हाच तिच्यावरील उत्तम उपाय.

सुमारे 60 ते 70 दिवसांनी कडेची माती हाताने उकरून चार कोवळे बटाटे काढून घेता येतात व झाड तसेच वाढत राहते. ही सोय शेतात क्वचितच साधते. पूर्ण वाढीस 90 ते 100 दिवस लागतात. फूल येण्याची वाट पाहू नये, कारण वर सांगितल्याप्रमाणे ते बहुधा येतच नाही. पाला पिवळा पडून लवू लागला की पाणी बंद करावे, आठ-दहा दिवसांनी पाला कापावा, आणि आणखी आठवड्याने, साल अंगठ्याने घासली असता निघत नाही अशी खातरजमा करून, पात्र गोणपाटावर हलकेच पालथे करावे. कुदळ-खुरप्याची गरज पडत नाही, म्हणून एकही बटाटा कापला जात नाही.

काढलेले बटाटे न धुता दहा-पंधरा दिवस सावलीत, हवेशीर जागी पसरून साल पक्की होऊ द्यावी व मग अंधारात ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. अतिथंडीत पिष्टाची साखर होऊन ते गोड लागतात आणि तळताना करपतात. उजेड लागून हिरवे झालेले बटाटे खाऊ नयेत: तो हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असला तरी त्याच्याबरोबर सोलॅनीन हे विषारी द्रव्य साचते, आणि ते उकडल्यानेही नष्ट होत नाही. पाला व क्वचित धरणारी हिरवी फळे याच कारणाने विषारी असल्याने मुले व गुरे यांना त्यांपासून दूर ठेवावे. पात्रातील माती फेकून देण्याचे कारण नाही. मात्र पुढील हंगामात तीत पुन्हा बटाटा, टोमॅटो, वांगे वा मिरची न लावता मेथी, पालक किंवा घेवडा घ्यावा, आणि करपा वा मर पडलेल्या झाडांची माती कोणत्याही सगोत्र पिकास दोन-तीन वर्षे वापरू नये.