औद्योगिक दुर्घटना व घरांच्या किमती (सुरत)

वायुगळती, स्फोट, रासायनिक सांडपाणी अशा घटनांमुळे कारखान्यालगतच्या घरांच्या विक्रीमूल्यात व भाड्यात होणारा फरक. घराची किंमत म्हणजे खोल्या, मजला, रस्ता, हवा अशा गुणांच्या किमतींची बेरीज, असे धरून हा फरक काढतात. शर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये या पद्धतीला सैद्धांतिक बैठक दिली. अमेरिकेतील विषारी कारखाने सुरू वा बंद होण्याच्या सुमारे १,६०० घटनांच्या अभ्यासात (२०१५) असा कारखाना सुरू झाल्यावर अर्ध्या मैलाच्या आतील घरे सुमारे ११ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले.

सुरतेला हा आकडा जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे ठरेल. पांडेसरा, सचिन, उधना या पट्ट्यात डाइंग-प्रिंटिंगच्या मिल आणि मजुरांच्या खोल्या एकमेकींना खेटून आहेत. खोली घेणारा ओडिशाचा, उत्तर प्रदेशाचा किंवा आपल्या खानदेशातला माणूस मिलपासूनचे अंतर आधी बघतो, कारण पायी जाता आले की रिक्षाचे पैसे वाचतात. ज्या धुराड्याने घराची किंमत घटवायची, त्याच्याच पगारावर खोलीचे भाडे टिकते. ज्याला वास सोसवत नाही आणि ज्याची ऐपतही आहे, तो अडाजण, पाल, वेसूकडे सरकतो.

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले. वायू पसरला आणि शेजारच्या मिलमधले कामगार गुदमरले. सहा जण दगावले. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वसाहतीतील रासायनिक कारखान्यात स्फोट व आग होऊन किमान सात कामगार मेले. दोन्ही घटनांत मेलेले कामगारच होते, आणि घरांचा बाजारभाव ठरवण्यात कामगाराचा फारसा आवाज नसतो. घर विकून बाहेर पडायला आधी ते मालकीचे असावे लागते.

सरकारी कागदावर तर घसरण उमटणे अवघडच. गुजरातेत मुद्रांक शुल्क ठरवताना जंत्रीचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा, दर किमान धरतात (महाराष्ट्रातील रेडी रेकनरची ही बहीण). २०११ ची जंत्री बारा वर्षे तशीच राहिली आणि १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीचे दर राज्यभर सरसकट दुप्पट झाले. नाल्याकाठची जमीन आणि वेसूतली जमीन यांना गुणक एकच. त्यामुळे नुसते दस्त चाळून दुर्घटनेचा परिणाम शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. रिकाम्या पडलेल्या खोल्या, भाड्यातली घासाघीस, विक्रीला लागणारा वेळ, हेच अधिक भरवशाचे पुरावे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार विक्रेत्याने मालमत्तेतील सहज न दिसणारे मोठे दोष खरेदीदाराला सांगावे लागतात. शेजारच्या नाल्याचा वास त्यात बसवणे कठीण. हरित लवादाच्या २०१० च्या कायद्याच्या परिशिष्टात खाजगी मालमत्तेचे नुकसान भरपाईस पात्र आहे. भिंतीला तडा गेला तर तो दाखवता येतो. उतरलेला भाव मात्र घरमालकाने कशाच्या आधारे सिद्ध करायचा, हा प्रश्न उरतोच, आणि भाडेकरूला तर तेवढाही दावा नाही.