परभणीहून उणे २६१ अंशांकडे

मे महिना, परभणी, दुपारचे दोन. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. पारा ४४ वर. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकत तुम्ही वाढलात, तर या उकाड्यातून गारठ्याकडच्या प्रवासाचा पहिला मुक्काम जर्मनीतच करा.

बर्लिन, १९३३. माइसनर आणि ओक्सेनफेल्ड हे भौतिकशास्त्रज्ञ शिसं, कथील गार करताहेत. अतिसंवाहक होताच, म्हणजे विजेला होणारा रोध नाहीसा होताच, धातू पोटातलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. अतिसंवाहकता आणि चुंबकत्व यांचं वैर तुमच्या डोळ्यांदेखत उघड होतं.

१९७७, कॅलिफोर्नियातलं ला होया. अर्बियम, ऱ्होडियम, बोरॉन यांचं संयुग ८.७ केल्विनला अतिसंवाहक होतं. आणखी गार करा. ०.९ केल्विनच्या आसपास अर्बियमचे अणू एकाच दिशेला तोंड करतात आणि गेलेला रोध परत येतो. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने चालतात, एकाचा चुंबकीय काटा वर, दुसऱ्याचा खाली. सगळ्यांना एकीकडे ओढणारं चुंबकत्व ती जोडीच फोडतं.

आता मुंबईतला कुलाबा, १९९३. टाटा मूलभूत संशोधन संस्था. आर. नागराजन, चंदन मझुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकारी इट्रियम, निकेल, बोरॉनचा नमुना तपासताहेत. १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंशांना, एक क्षीण खूण दिसते. नमुन्याचा अगदी थोडा भाग अतिसंवाहक झालाय. भेसळ म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. ही माणसं त्या भेसळीच्याच मागे लागतात, आणि मला या साऱ्या शोधात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. कार्बन घालून केलेल्या नमुन्यात खूण क्षीण राहत नाही; बराचसा गोळाच अतिसंवाहक होतो. तोही निकेल असलेला, आणि निकेल म्हणजे एरवी लोहचुंबकांत मोडणारा धातू! १९९४च्या सुरुवातीला ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये शोध छापून येतो, त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्फटिकरचना उलगडते.

थोडं पुढे सरका. जगभरच्या प्रयोगशाळा इट्रियमच्या जागी एकेक चुंबकीय मूलद्रव्य बसवून पाहताहेत. तुम्ही अर्बियम निवडा, ला होयात अतिसंवाहकता मोडणारं तेच. ११ केल्विनच्या जवळ रोध नाहीसा होतो. ६ केल्विनला अणूंचे काटे उलटसुलट मांडले जातात. इलेक्ट्रॉनांची जोडी कितीतरी अणूंवर पसरलेली, तेवढ्या पल्ल्यात त्या काट्यांची बेरीज जवळपास शून्य भरते आणि जोडी तगते. २.३ केल्विनखाली तर क्षीण लोहचुंबकत्वही उगवतं. रोध शून्यच राहतो.