पॅटर्न्स (चित्रपट)

पॅटर्न्स हा १९५६ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन कृष्णधवल चित्रपट आहे. फील्डर कुक यांनी तो दिग्दर्शित केला असून पटकथा रॉड सर्लिंग यांची आहे. सर्लिंग यांचे याच नावाचे दूरचित्रवाणी नाटक जानेवारी १९५५ मध्ये थेट प्रक्षेपित झाले होते. मोठ्या प्रतिसादामुळे पुढील महिन्यात ते पुन्हा थेट सादर करण्यात आले. या नाटकासाठी सर्लिंग यांना एमी पुरस्कार मिळाला.

कथानक

ओहायोतील कारखान्यात काम करणारा फ्रेड स्टेपल्स (व्हॅन हेफ्लिन) न्यू यॉर्कमधील मुख्यालयात रुजू होतो. कंपनीप्रमुख रॅम्सी (एव्हरेट स्लोन) यांनी त्याला ज्येष्ठ अधिकारी बिल ब्रिग्ज (एड बेगली) यांच्या जागी आणलेले असते. ब्रिग्ज यांना बडतर्फ न करता बैठकांत वारंवार अपमानित करायचे आणि राजीनामा देण्यास भाग पाडायचे, हा रॅम्सींचा डाव असतो. कामगारांच्या हिताचा आग्रह धरणारे ब्रिग्ज राजीनामा देत नाहीत. अखेर हृदयविकाराने त्यांचा मृत्यू होतो. संतप्त स्टेपल्स नोकरी सोडण्याच्या इराद्याने रॅम्सींना जाब विचारतो. मात्र वाढीव वेतन आणि रॅम्सींना उघड विरोध करण्याची मोकळीक या अटींवर तो ब्रिग्ज यांचेच पद स्वीकारतो. त्यामुळे हा त्याचा विजय की व्यवस्थेचा, हे चित्रपटाच्या शेवटी संदिग्ध राहते.