उंबरखिंडीचा नकाशा

दहावीत असताना खोपोलीतल्या सायबर कॅफेत मी ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळायचो. एकदा सगळं सैन्य अरुंद वाटेत घातलं आणि दोन मिनिटांत गमावलं. पुढच्या डावात आधी टेहळणीला एक घोडेस्वार पाठवला.

नंतर खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत गेलो, तेव्हा तो डाव आठवला. शाइस्ताखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान घाट उतरून इथेच अडकला. फेब्रुवारी १६६१. शिवाजी महाराजांनी पुढची-मागची वाट रोखली होती, दोन्ही बाजूंच्या झाडीत मावळे दबा धरून होते. शेवटी रायबाघनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि खंडणी देऊन सुटला.

शाळेत ही लढाई मी फक्त सनावळीसाठी पाठ केली होती. थोड्या माणसांनी मोठी फौज कशी अडवली, हे कळलं ते गेममध्ये स्वतः हरल्यामुळे. जागा वाचल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, एवढं तेव्हा शिकलो.

खिंडीत पडलेल्या शिपायांना दुसरा डाव नव्हता. आपल्याला गेममध्ये तो मिळतो. कुणाचाही जीव न जाता चुकता येतं, चूक शोधता येते. मला तरी गेमचा खरा फायदा हाच वाटतो.