मधुमेहातले भरीव पण ठिसूळ हाड

भाताच्या बांधावरून घसरून साठीतल्या बाईचा खुबा मोडला, की पेण-रोह्याकडे दोष वयाला आणि पावसाला दिला जातो. तिला दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल, तर त्याचाही वाटा धरायला हवा. डोळे, मूत्रपिंड, हृदय यांची विचारणा साखरेच्या तपासणीत होते. हाडांची क्वचितच होते.

यातला पेच असा की टाइप २ मधुमेहात डेक्सा तपासणीत हाडांची घनता बहुधा सामान्य, कित्येकदा थोडी जास्तच निघते. तरीही खुबा मोडण्याचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. टाइप १ मध्ये घनता मुळातच कमी राहते, कारण हाड भरण्याच्या वयात इन्सुलिन नसते. तिथे हा धोका कित्येक पटींनी वाढतो. टाइप २ मधला दोष हाडाच्या प्रमाणात कमी आणि प्रतीत जास्त आहे.

पेणच्या कारखान्यांत प्लॅस्टरच्या गणेशमूर्तीला काथ्याचा आधार देतात. प्लॅस्टर कडकपणा देते, तडा रोखतो तो काथ्या. हाडात खनिज आणि कोलॅजेन या प्रथिनाचे धागे यांची वाटणी अशीच आहे. रक्तात साखर चढती राहिली की ती प्रथिनांना चिकटते. रुग्णांच्या ओळखीची ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणजे एचबीए१सी हीच क्रिया मोजते, पण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात. हाडातले कोलॅजेन वर्षानुवर्षे तेच राहते. त्यावर साखरेचे आडवे बंध साचत जातात, धागे ताठर होतात आणि धक्का पचवण्याची हाडाची ताकद जाते. डेक्साला हे दिसत नाही, कारण ते यंत्र खनिज मोजते.

जुने हाड खरवडून नवे घालण्याचे काम आयुष्यभर चालते. मधुमेहात ते मंदावते, म्हणून खराब झालेले कोलॅजेन बदलले जात नाही. हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी आणि चरबीच्या पेशी अस्थिमज्जेतल्या एकाच मूळ पेशीपासून होतात. चढत्या साखरेत तिचा ओढा चरबीकडे वळतो. हाडात गाडलेल्या ऑस्टिओसाइट पेशी भार ओळखतात आणि स्क्लेरोस्टिन नावाच्या प्रथिनाने बांधकामाला लगाम घालतात. शरीरावर भार पडला की हा लगाम सैलावतो. टाइप २ मधुमेहींच्या रक्तात स्क्लेरोस्टिन वाढलेले आढळते.

मधुमेहाच्या औषधांपैकी पायोग्लिटाझोनकडे लक्ष हवे. स्वस्त असल्याने आपल्याकडे ते मिश्र गोळ्यांतून भरपूर दिले जाते. मूळ पेशीला चरबीच्या बाजूला ढकलणारे हेच औषध असून स्त्रियांत त्याने अस्थिभंग वाढतात. पाळी गेलेल्या, पूर्वी हाड मोडलेल्या बाईने त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. मेटफॉर्मिनने हाडांना अपाय होत असल्याचे दिसलेले नाही.

ठिसूळ हाड आपोआप मोडत नाही, बहुतेकदा पडल्यावर मोडते. मधुमेहाने पाय बधिर, नजर अधू, त्यात उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने साखर उतरलेली: पडायला एवढे पुरे.

मला जास्त काळजी वाटते ती लावणीच्या दिवसांची. तेव्हा माणूस दिवसभर अनवाणी चिखलात असतो. बधिर पायाला काटा कळत नाही, तसेच आत मोडलेले बारीक हाडही कळत नाही. चालणे चालूच राहते, दाह वाढतो, हाडे विरघळतात आणि तळव्याची कमान खाली बसते. बधिर अवयवांतला हा सांध्यांचा विकार फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये वर्णिला. मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ मध्ये जॉर्डन यांनी दाखवला. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असू शकतो. एकच पाऊल सुजलेले, लाल, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम, आणि दुखणे नाही किंवा अगदी कमी, एवढीच खूण असते. लचक समजून लेप लावण्यात किंवा मालिश करण्यात आठवडे जातात. त्या पावलावरचा भार त्याच दिवशी काढून गुडघ्याखालचे प्लॅस्टर घालावे लागते आणि ते अनेकदा काही महिने ठेवावे लागते. म्हणजे त्या वर्षीची लावणी दुसऱ्या कुणाला तरी करावी लागणार, हे घरच्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलेले बरे.